वरचा पूल

ब्रॉनी टॅटनेलने हेल्मेट काढून टेबलावर ठेवले. त्याच्या कडेची राख कीबोर्डवर सांडली.

"मला एवढंच सांगा," ती म्हणाली. "खालचा पूल चालू आहे, असं कोणी कळवलं?"

मॉर्ना फर्नलीने खुर्ची पुढे सरकवली. ब्रॉनी बसली नाही. गेल्या आठवड्यात तिचा भाऊ केल पाण्याचा बंब घेऊन त्या लाकडी पुलावर चढला होता. तुळया खालून धुमसत आल्या होत्या. वरच्या फळ्या मात्र शाबूत दिसत होत्या. बंब नदीत गेला, केलसकट. ब्रॉनी त्याच्याच स्वयंसेवी अग्निशमन दलाची कप्तान. मॉर्नाच्या नकाशावर पूल हिरवा, म्हणजे चालू, पाहून तिनेच त्याला पाठवले होते.

हुअनविलच्या वाचनालयामागची ही खोली सोडली तर आग-संघाला स्वतःची अशी जागा नव्हती. पाटीही नव्हती. इकडे दक्षिण गोलार्धात नोव्हेंबरात उन्हाळा लागला की आसपासची दले, वीज कंपनी, नगर परिषद, इस्पितळ आणि लाकूड कंपनी एकत्र येत, एप्रिलमध्ये पांगत. प्रत्येकाचा संगणक आपापल्या जागी राही आणि आपल्या मालकीच्या गोष्टीपुरतेच उत्तर देई. तारांविषयी वीजवाले, खाटांविषयी इस्पितळ, जंगलातल्या पुलांविषयी लाकूड कंपनी. दुसऱ्याच्या वतीने बोलायचे नाही, हा संघाचा पक्का नियम. ही सारी उत्तरे जोडून त्यांचा एक नकाशा करणारी प्रणाली मॉर्नाने लिहिली होती.

"कंपनीने नाही कळवलं," ती म्हणाली.

मग तिने सगळे सांगितले, कुठेही आवाज न चढवता. जानेवारीत कंपनी बुडाली, तिचा संगणक बंद झाला. एका सभासदाचे उत्तर येईना म्हणून अख्खा नकाशा अडकला, आणि त्या शुक्रवारी दोन डोंगर पेटलेले होते. मॉर्नाने कंपनीच्या जागी एक बदली सेवा बसवली. कोणी विचारले की तिने कंपनीचे शेवटचे उत्तर पुन्हा द्यायचे, एवढेच तिचे काम. सोमवारी ती काढून टाकायची होती. सोमवारी तिसरी आग लागली. त्यानंतर "चालू" हे उत्तर कंपनीच्या नावाने रोज जात राहिले.

"म्हणजे पूल कोणी पाहिलाच नव्हता."

"नाही. चौकशी समितीला मी तसं लिहून दिलंय. ती सेवा काढली. आता कंपनीचे सगळे पूल 'माहीत नाही' असे दिसतात."

"ते दिसलं मला. म्हणूनही आलेय."

खालचा पूल गेल्यावर पलीकडच्या खोऱ्यात जायला वरचा एकच उरला होता. संध्याकाळी वारा फिरणार होता आणि आग त्या खोऱ्यात उतरणार होती. ज्याच्याविषयी माहीत नाही अशा पुलावर संघ बंब घालत नसे. खोऱ्यातली घरे रिकामी झाली होती, एक सोडून. ते ब्रॉनीच्या वडिलांचे होते.

लेस टॅटनेलने कंपनीच्या रस्त्यांवर आयुष्यभर मुकादमी केली होती. पूल बंद करण्याआधी कंपनी संघाच्या प्रणालीतून रहिवाशांच्या फोनवर सूचना देई आणि सूचना आली की खोऱ्यातले लोक गाड्या काढत, ही तिथली रीत. सूचना नाही म्हणजे पूल ठीक, घाबरायचे कारण नाही. ब्रॉनी सकाळी त्याच्या हातापाया पडून आली होती. त्याने तिला चहा पाजून परत पाठवले.

"म्हणतो, कंपनी बुडाली ती कागदावर. पुलावरची पोरं माझ्या हाताखाली शिकलीत, ती असा पूल टाकून जायची नाहीत."

"आणि केलच्या पुलाचं?"

ब्रॉनी खिडकीकडे वळली. भरदुपारी बाहेर रस्त्यावरचे दिवे लागले होते.

"कंपनीने चालू म्हटलं म्हणजे चालूच होता, म्हणतो. केलनेच टाकी काठोकाठ भरून बंब दामटला असणार. पहिल्यापासून धसमुसळाच."

मॉर्नाने लेसला फोन लावला. आपले नाव सांगितले, मग बदली सेवेचे सगळे सांगितले. त्याने शांतपणे ऐकून घेतले. तुझं यंत्र तुला कळतं पोरी, पूल मला कळतो, असे म्हणून त्याने फोन ठेवला.

"त्या बदली सेवेतून सूचना जाईल?" ब्रॉनीने विचारले. "कंपनीची. वरचा पूल चारला बंद."

मॉर्नाने संघाच्या समन्वयकाला विचारले. त्याला वाईट वाटले, पण सर्व सभासदांची संमती लागेल, गुरुवारच्या बैठकीत विषय घेऊ, असे तो म्हणाला.

"गुरुवारपर्यंत म्हातारा जळून थंडसुद्धा झालेला असेल," ब्रॉनी म्हणाली, आणि हसल्यासारखे केले.

मॉर्नाने कीबोर्डवरची राख झटकली.

"पूल आत्ता गाडी पेलतो?"

"सकाळी त्यावरूनच आले. गाडी पेलतो. बंबाचं सांगता येत नाही."

मॉर्नाने काढलेली सेवा परत बसवली. कंपनी सूचना कशी लिहीत असे ते विचारून घेतले. ब्रॉनीला ती पाठ होती: वरचा पूल दुपारी चारपासून बंद, रहिवाशांनी त्याआधी निघावे.

"खाली नाव कंपनीचंच?"

"तेच तर हवंय."

सूचना गेली. नकाशावर पुलापाशी तांबडी खूण उमटली. मग ब्रॉनीचा फोन वाजला. लेसला कमी ऐकू येई, त्यामुळे तो ओरडून बोले. त्याचा शब्द न् शब्द खोलीत ऐकू येत होता.

"ब्रॉन, आली बघ सूचना. चारला बंद करतायत."

"आली का?"

"मी काय सांगत होतो तुला?" त्याचा आवाज कितीतरी दिवसांनी सैल झाला होता. "असं काम असतं त्यांचं. धोका असला की कळवतात. खालच्या पुलाला काही झालं असतं, तर तेही कळवलं असतं की नाही?"

मॉर्ना उठून उभी राहिली. तिने फोनसाठी हात पुढे केला. ब्रॉनीने तो मनगटाशी धरला आणि हळूच खाली नेला.

"हो, बाबा," ती म्हणाली. "कळवलं असतं. तू गाडी काढ आता."