तिसरी ताकीद

मराठीत बोलायचं नाही. अरबी शिकायला एक सत्र परदेशात काढायचं ठरवून आलेल्या आम्हा सगळ्यांकडून भाषाशाळेनं पहिल्याच दिवशी हे वचन घेतलं होतं. वर्गात अरबी, जेवताना अरबी, भांडण झालं तर तेही अरबीत. स्वतःच्या भाषेत तोंड उघडलं की ताकीद, आणि तिसऱ्या ताकिदीला सामान बांधा. घरच्यांशी बोलायचं ते फक्त शुक्रवारी, ऑफिसशेजारच्या फोनच्या खोलीत.

माझ्या दोन ताकिदी पहिल्याच महिन्यात होऊन गेल्या. एक जिन्यात अंगठा ठेचला तेव्हाची. आता ठेच लागल्यावर माणूस 'आई गं' म्हणणार नाही तर काय शब्दकोश उघडणार? दुसरी, कपडे धुण्याच्या मशीननं माझा एकुलता एक बरा कुर्ता फाडला तेव्हाची. त्या मशीनला मी जे म्हणाले ते चारचौघांत सांगण्यासारखं नाही.

निघताना दादा म्हणाला होता, "पंधरा दिवसांत परत येशील बघ. तुझं तोंड गप्प बसायचं नाही." त्याच्या नाकावर टिच्चून मी सत्राच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत आले होते. इथलं प्रमाणपत्र हातात पडलं नाही तर पदवी अडणार, अख्खं वर्ष पाण्यात जाणार, आणि वर दादाचं ते हसू बघावं लागणार. नको रे बाबा! म्हणून मी अगदी जीभ दाताखाली धरून वावरत होते.

माझ्या खोलीतली दुसरी मुलगीही मराठीच. तिला मी येताना विमानातच मास्तरीण हे नाव ठेवलं, कारण शेजारच्या अनोळखी माणसाचं शब्दकोडंसुद्धा तिनं वाकून तपासलं होतं. तिला एकही ताकीद नव्हती. शुक्रवारी फोनवर ती वडिलांनाही अरबीच ऐकवायची. वडील शिंपी. त्यांना एक अक्षर कळायचं नाही, पण मशीन थांबवून ऐकायचे आणि मोठ्यानं म्हणायचे, "वा गं वा! पुढे?" दाराबाहेर उभ्या असलेल्या मला ते ऐकू यायचं आणि माझा नंबर कधी येणार म्हणून मी चरफडत असायचे.

तोंडी परीक्षेच्या आदल्या दुपारी ऑफिसातला कारकून मला शोधत वाचनालयात आला. घरून फोन आहे म्हणाला. मंगळवारी फोन! मी धावतच फोनच्या खोलीत गेले. आई की बाबा, एवढंच डोक्यात फिरत होतं. पलीकडे मास्तरिणीचा भाऊ होता.

"ताई, बाबा गेले," तो म्हणाला. "सकाळी, मशीनवर बसल्या बसल्या. मला नाही हो सांगवत तिला फोनवर. तुम्ही जवळ आहात, तुम्हीच सांगा. संध्याकाळच्या विमानाचं तिकीट बघतोय. ती येईपर्यंत आम्ही थांबतो म्हणावं."

मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

वसतिगृहाच्या बाई जिन्याजवळ भेटल्या. ताकिदी द्यायचं काम त्यांचंच. मी त्यांना सगळं सांगितलं आणि म्हणाले, "मला पाच मिनिटं आमच्या भाषेत बोलू द्या तिच्याशी." बाईंचे डोळे भरून आले, खोटं कशाला बोलू? पण त्यांनी नकारार्थी मान हलवली.

"अरबीत सांग. हे शब्द तिला येतात."

"बाई, ही काय परीक्षा आहे का?"

"आज तुला सूट दिली की उद्या प्रत्येकाच्या घरी काहीतरी होईल. चल, मी येते बरोबर."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण परक्या भाषेत तडकायचं म्हणजे आधी शब्द जुळवावे लागतात, आणि तोवर आम्ही खोलीच्या दाराशी पोचलोसुद्धा. शिवाय मला त्या तिसऱ्या ताकिदीची भीती वाटत होती. एक आठवडा, फक्त एक आठवडा, असं मी मनात घोकत होते.

मास्तरीण जमिनीवर फतकल मारून बसली होती. केसांच्या अंबाड्यात पेन्सिल, मांडीवर पुस्तक. बाई उंबऱ्यातच थांबल्या. मी तिच्यासमोर बसले आणि अरबीत म्हणाले, "तुझे वडील वारले."

तिनं मान वर केली नाही. "ईश्वराची इच्छा," ती अरबीतच म्हणाली. "आपण आलात, आभारी आहे. बसा ना. पाणी घेणार?"

हे पुस्तकातल्या शोकाच्या धड्यातलं उत्तर होतं. आठवडाभर आम्ही सराव म्हणून एकमेकींचे नातेवाईक मारत होतो. जेवणाच्या रांगेत तिनं माझे काका मारले होते, मी नळावर तिची आजी. समोरचीनं तत्काळ पाठ केलेलं उत्तर द्यायचं, असा आमचा नियम होता. तिनं तो पाळला होता.

"नाही, ऐक," मी अरबीत म्हणाले. "हा धडा नाही. खरंच वारले. आज सकाळी."

आता तिनं माझ्याकडे बघितलं आणि खूश झाली! "छान. आवाज छान कापरा केलास. फक्त जरा सावकाश बोल, असं वाक्य कुणी घाईत बोलत नाही. आणि उद्या परीक्षकांसमोर डोळ्यांत पाणीही आण असंच." दारातल्या बाईंना बघून ती सावरून बसली आणि त्यांनाही म्हणाली, "आपण आलात, आभारी आहे."

बाईंनी तोंडावर हात ठेवला. काहीतरी बोला ना, असं मी डोळ्यांनीच त्यांना विनवत होते. त्या बोलल्या, पण काय बोलल्या? "ईश्वर त्यांना शांती देवो." म्हणजे पुन्हा धड्यातलंच वाक्य. मास्तरिणीनं त्यालाही हसून तयार उत्तर दिलं.

मला ते हसू बघवेना. तिचे बाबा तिकडे घरात निजवून ठेवलेले, आणि ही इथं मार्क मिळवतेय. मी तिच्या मांडीवरचं पुस्तक ओढून बाजूला फेकलं आणि तिचे दोन्ही हात धरले.

"बाबा गेले गं," मी मराठीत म्हणाले. "तुझे बाबा. सकाळी, मशीनवर बसल्या बसल्या. तुझ्या भावाचा फोन आला होता."

तिचं हसू तसंच राहिलं, नुसतं ओठांवर. मग ती एकदा बाईंकडे बघायला लागली, एकदा माझ्याकडे. माझ्या दोन ताकिदींची आठवण देऊन देऊन तिनंच तर मला रोज जीभ सांभाळायला लावली होती.

"तू मराठीत बोललीस," ती मराठीत म्हणाली.

"हो."

"बाईंसमोर बोललीस."

"हो गं."

"बाबा गेले," ती म्हणाली, आणि तिच्या तोंडून असा काही आवाज निघाला की शेजारच्या खोल्यांची दारं उघडली.

मी तिला छातीशी घट्ट धरलं. बाई पुढे आल्या, माझ्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाल्या, "ही तिसरी. मला सांगावंच लागेल वर." त्यांचाही आवाज फुटला होता. आता मला भीती वाटत नव्हती, आणि अरबीत उत्तर द्यायची इच्छाही नव्हती.

"रड," मी मास्तरिणीला म्हणाले. "मोठ्यानं रड, काही होत नाही. सगळे थांबलेत तुझ्यासाठी. तुला एकटीला नाही पाठवत मी. माझंही सामान बांधायचंच आहे आता, दोघी मिळून जाऊ."