मोळीतली बाई

बीडात भर पेठेत, नव्या कॉम्प्लेक्सच्या दारात बाई उसाच्या मोळीत उभी करायची अन् तिला कला म्हणायचं, हे माझ्या टकुऱ्यात काई केल्या शिरत नव्हतं. जिंदगीभर मी ऊस तोडला, मोळ्या डोक्यावर वाहिल्या, तवा बघाय कुणी आलं न्हाई. पण दीपमाला माझ्या भावाची लेक, आईमाघारी मीच वाढवलेली, संभाजीनगरला मूर्तिकाम शिकलेली. ती म्हणली, आत्या, तू समोर पाहिजेस. मग काय, तेलगावहून सकाळच्या यष्टीनं आले.

मोळी मातर तिनं लई झ्याक बांधली होती. मागं लोखंडी सांगाडा, भवती खराखुरा ऊस, अन् मधी ही स्वतः, गुडघ्यापासून खांद्यापर्यंत अंबाडीच्या दोरानं आवळलेली. हातबी आतच. तोंडाला फडकं, आमी फडात पाचट टोचू नये म्हणून बांधतो तसं. कपाळ अन् डोळे तेवढे उघडे. दुपारपर्यंत बोलायचं न्हाई, हालायचं न्हाई, नुसतं लोकांकडं बघायचं. दोर सोडायला तिच्या कॉलेजातला सोमेश्वर होता. पण ऊस आणलेला टेम्पो रस्त्यात उभा केला म्हणून पोलिसानं त्याला हाकललं, तो टेम्पो लावाय लांब गेला.

आधी लोक हसत होती, फोटो काढत होती. मग एक म्हातारी आली. तिनं चप्पल काढली अन् दीपमालाच्या कपाळाला हळदकुंकू लावलं. मला हसू आलं. म्हणलं, लाव बाई, पोरीचं तेवढंच कौतुक. तिच्या मागं दुसरी आली, तिसरी आली. एकीनं तांब्याभर पाणी घातलं, देवीला घालतेत तसं, डोक्यावरून. मग सगळ्याच घालाय लागल्या. नारळवाल्यानंबी गाडा तिथंच आणला.

भिजला की दोर आवळतो. जनावरं बांधणारी माणसं ती, निम्म्यांना ठावं असंल. पण देवीपुढं दोराचा इचार कोण करतंय? मलाबी तो आला न्हाई. तिची मान थरथराय लागली तवा आला.

लोकांनी ती थरथर बघितली अन् एकच गलका केला, अंगात आलं, अंगात आलं! कॉम्प्लेक्सच्या उद्घाटनाला आणलेली हलगी कडकडाय लागली. मी घुसले. ओरडले, "पोरीला श्वास येईना, दोर सोडा!"

कॉम्प्लेक्सचा मालक अमरसिंह, बूट काढून, डोक्याला रुमाल टाकून उभा होता. त्यानं माझा दंड धरला. म्हणला, "हात लावू नका मावशी. देवी खेळतीय, खेळू द्या."

मी त्याला सांगितलं, ही माझी भाची हाय, दीपमाला नाव हाय, सकाळी माझ्यासंगं च्या प्याली. त्यानं मान हलवली अन् हात काई सोडला न्हाई. बाया मला मागं ओढाय लागल्या. कुणी म्हणलं, देवी तापलीय, अजून पाणी घाला. घातलं. पोरीचे डोळे पांढरे झाले, तसे ह्यांनी हात जोडले. मला माणसांची एवढी भीती जल्मात वाटली नव्हती. मारणाऱ्याला हात जोडता येतेत, पण हात जोडणाऱ्याला काय करावं?

मंगळवारी माझ्या अंगात येतं. समद्या गावाला ठावं हाय. आलं की मला माझी सुद राहत न्हाई. त्याचं सोंग मी कधी केलं न्हाई. केलं तर देवीआई माझी जीभ झडवून टाकील, हे भ्या लहानपणापासून हाडात हाय. त्या दिवशी अंगात काई आलं नव्हतं. मी अंबाडा सोडला, केस मोकळे केले अन् घुमाय लागले.

दंड सुटला.

"माझ्या बहिणीला कुणी बांधलं रं?" मी किंचाळले. "कोयता आण!"

गर्दी फाटली. नारळवाल्यानं दोन्ही हातांनी कोयता पुढं केला. अमरसिंह माझ्या पायावर पडला. मी आधी छातीवरचा दोर कापला. पातं तिच्या बरगडीत जातंय का काय असं वाटत होतं. मग बाकीचे कापले, फडकं ओढलं. ओठ निळे पडलेले. ती माझ्या अंगावर पडली. आधी काईच न्हाई. मग खरखर करत श्वास आला. मागं लोक उदो उदो म्हणत होते, अन् कुणीतरी माझ्याच डोक्यावर पाणी ओतलं.

दवाखान्यात डॉक्टर म्हणला, मुका मार हाय, भिण्यासारखं न्हाई. सोमेश्वर कोपऱ्यात बसून रडत होता. दीपमालानं डोळे उघडले. मला वाटलं, ही आता देवीचं इचारील.

"आत्या, आधी तू साध्या आवाजात ओरडलीस ना, दोर सोडा म्हणून? मला आत ऐकू आलं होतं."

"आलं होतं?"

"हं. अमरसिंह तर तुझ्याजवळच होता. त्याला ऐकू आलं नसंल का?"

आलं होतं. पर मी तिला म्हणलं, त्या हलगीत काय ऐकू येतंय बाई, नीज तू.

तेवढ्यात नर्सबाई आली. बाहेर लई माणसं जमलीत, म्हणली, हार-नारळ घेऊन आलीत, दोघींचं दर्शन मागतेत. मी नर्सबाईला बाहेर काढलं अन् दाराला आतनं कडी लावली.