गुड मॉर्निंगचे टाळकरी

अहो, कीर्तन संपलं म्हणून लगेच चपला शोधायला धावू नका. या, अशा माझ्याजवळ बसा. प्रसादाचा शिरा अजून गरम आहे, तो खाऊन होईपर्यंत मी तुम्हाला एक गोष्ट सांगते. आपल्या संत तुकाराम नगरातलीच आहे, माझ्याच बिल्डिंगमधली. आणि सांगून ठेवते, ऐकता ऐकता तुमचा शिरा हातातच राहील!

आमच्या तळमजल्यावर मधुसूदनकाका राहतात. तुम्ही त्यांना पाहिलंय, बुवांच्या मागे टाळ घेऊन उभे असतात, आणि ध्रुपद उचलताना सगळ्यांत आधी ज्यांचा आवाज चढतो ते. नोकरीत असताना कंपनीच्या खरेदी खात्यात होते. परदेशच्या लोकांशी फोनवर बोलण्यात जन्म गेला, म्हणून इंग्रजी पाण्यासारखं. त्यांच्या डोक्यावर, म्हणजे पहिल्या मजल्यावर, चतुराबाई आणि त्यांची लेक मिनल.

मिनल चाकणला एका कंपनीत आहे. गाडीच्या आत वायरींचं जे जाळं असतं ना, त्याचे जुडगे बांधायचे, टोकाला कनेक्टर बसवायचे, असं काम. बोटं अशी चालतात पोरीची, की बघत राहावं. पण नोकरी कॉन्ट्रॅक्टवरची.

एका रविवारी सकाळी ती खाली आली. काका पेपर वाचत होते, मी त्यांच्याकडे विरजण मागायला गेले होते.

"काका, मला इंग्रजी बोलायला शिकवाल?"

"का गं? कुठं निघालीस?"

"कुठं नाही, इथंच राहायचंय म्हणून शिकायचंय." मिनल दारातच उभी राहून भडाभडा बोलली. कंपनीत नवी लाइन, म्हणजे जुडगे बांधणाऱ्यांची नवी रांग, सुरू होणार होती. तिच्यावर लीडर म्हणून कुणाला तरी घ्यायचं होतं आणि मिनलचं नाव पुढं गेलं होतं. लीडर झाली की नोकरी कायम. पण जपानहून नाकानो म्हणून साहेब येणार होते आणि फ्लोअरवर, म्हणजे काम चालतं तिथंच, ते स्वतः तिच्याशी बोलणार होते. इंग्रजीत.

"काम मला येतं काका. इंग्रजी वाचतासुद्धा येतं. पण समोर माणूस आला की तोंडाला कुलूप लागतं."

"आणि नाही जमलं तर?"

उत्तर मागून आलं. चतुराबाई जिना उतरून आल्या होत्या. "नाही जमलं तर दिवाळीला कॉन्ट्रॅक्ट संपतं, मग घरी बसायचं. पोरीची झोप उडालीय भाऊ. शिकवा तिला."

शिकवणी सुरू झाली. पण कसली हो! काका म्हणायचे, "हाऊ आर यू?" आणि मिनल शाळेतल्या पोरीसारखी हात मांडीवर ठेवून, खाली बघत, घशातल्या घशात काहीतरी पुटपुटायची. काका मोठ्याने म्हणा म्हणायचे, की आवाज आणखी खाली. आठवडा असाच गेला. शेवटी काका वैतागले, उठले आणि खुंटीवरचे टाळ काढले.

"मिनल, बुवा कीर्तनात एकटे गातात का?"

"नाही. तुम्ही मागून म्हणता की."

"का म्हणतो? बुवांना दम घ्यायला मिळावा म्हणून. आपण टाकलेली ओळ कुणीतरी झेलली, हे कळलं की माणसाला पुढची ओळ सुचते. चल, तू बुवा. आम्ही टाळकरी."

चतुराबाईंनी भुवया वर केल्या. "भाऊ, त्यात देवाबिवाचं काही घालणार नाही ना?"

"चतुराबाई, हाऊ आर यूमध्ये कुठला देव?"

"मग चालतंय. आमच्या विहारातसुद्धा वंदना अशीच असते. भंतेजी पुढं म्हणतात, आम्ही मागनं." आणि त्या पदर खोचून माझ्या शेजारी टाळकरी म्हणून उभ्या राहिल्या.

काय सांगू तुम्हाला! मिनलने म्हणायचं, "गुड मॉर्निंग सर!" आणि आम्ही तिघांनी टाळावर उचलायचं, "गुड मॉर्निंग सर!" तिने म्हणायचं, "प्लीज कम धिस वे!" आम्ही म्हणायचं, "प्लीज कम धिस वे!" आधी ठाय लयीत, मग दुप्पट. दुसऱ्या दिवशी दूधवाला दारात उभा राहून मान डोलवत होता. आणि पोरीचा आवाज फुटला हो. असा फुटला, की वरच्या मजल्यावरून कुणीतरी "थँक यू, थँक यू" असं ओरडलं.

एवढ्यावर थांबेल ती मिनल कसली. तिने हे वेड कंपनीच्या बसमध्ये नेलं.

ती बस नाशिक फाट्यावरून निघते, आणि मोशीच्या पुढे ट्रकांच्या रांगेत जी अडकते, ती अडकतेच. आधी सगळे डोळे मिटून बसायचे किंवा मोबाइलमध्ये डोकं घालायचे. आता मिनल ड्रायव्हरमागच्या दांड्याला धरून उभी राहायची, तिची मैत्रीण नेहा डब्याचं झाकण वाजवायची आणि अख्खी बस मागून म्हणायची.

"हॅव यू हॅड युअर ब्रेकफास्ट?"

"हॅव यू हॅड युअर ब्रेकफास्ट!"

मागच्या सीटवरून विक्की ओरडायचा, "नाही ना मॅडम! तुमचा डबा द्या इकडं!"

"विक्की, इंग्रजीत माग, मग मिळेल!"

"प्लीज गिव्ह मी पोहे!" की सगळी बस, "प्लीज गिव्ह मी पोहे!"

मारुतराव ड्रायव्हर मोशीचेच, जुन्या घरातले. पहिले दोन दिवस कपाळाला हात लावून बसले होते. म्हणाले, "आमी बस चालवतूय का बँडची गाडी?" पण तिसऱ्या दिवशी एक ट्रक आडवा येऊन थांबला, तसे मारुतराव खिडकीतून अर्धे बाहेर आले आणि गरजले, "एस्क्यूज मी! प्लीज कम धिस वे!" ट्रकवाला इतका गांगरला, की मुकाट्याने बाजूला झाला. मारुतराव मागे वळून म्हणाले, "व्हय, हाय बरं का ह्यात दम!"

असे दिवस चालले होते. काकांनी रोज नवी वाक्यं द्यायची, बसने ती पाठ करायची. कुणी अडखळला तर म्हणायचं, टेक युअर टाइम. समजलं नाही तर म्हणायचं, कुड यू प्लीज से दॅट अगेन. सगळ्यांचा उत्साह असा, की जणू नाकानो साहेब बसलाच भेटायला येणार होते.

आणि मग ऐन आदल्या दिवशी दुपारी चतुराबाई खाली आल्या. चेहरा उतरलेला.

"भाऊ, घोटाळा झालाय. मी भाजी निवडत होते, मिनल समोर बसून वाक्यं म्हणत होती. गुड मॉर्निंग म्हणाली आणि थांबली. मी गप्प, तर तीही गप्प. म्हटलं, अगं पुढं? तर म्हणते, आई, तू मागून म्हण ना, त्याशिवाय पुढचं येत नाही."

काकांनी तिला बोलावलं. "म्हण."

"गुड मॉर्निंग सर, वेलकम टू अवर लाइन." मिनल थांबली. काका मुद्दाम ओठ मिटून बसले. तिच्या डोळ्यांत वाक्य दिसत होतं, पण जीभ हलेना. कीर्तनाची सवय लागली होती! ओळ परत आल्याशिवाय दुसरी ओळ उठतच नव्हती.

"मी तुला टाळकरी दिले," काका हळूच म्हणाले, "पण एकटीनं म्हणायला लावलंच नाही."

त्या संध्याकाळी आम्ही सगळे गप्प बसून तिचं ऐकायचा प्रयत्न करत होतो. जितके गप्प बसलो, तितकी ती जास्त अडकली. शेवटी चतुराबाईंनी तिला जेवायला नेलं.

आता फ्लोअरवरचं मी पाहिलेलं नाही, पण नेहाने इतक्या वेळा सांगितलंय, की डोळ्यांनी पाहिल्यासारखं वाटतं.

फ्लोअरचे मॅनेजर रविराज सर. सकाळीच त्यांनी सगळ्यांना ताकीद दिली, "साहेब आले की कुणी मध्ये बोलायचं नाही. बोलेल ती मिनल. बाकी सगळ्यांचं लक्ष कामावर." नेहा तिच्यापासून दोन हातांवर, पण ओठ घट्ट.

नाकानो साहेब आले. बुटके, पिकलेल्या केसांचे, डोक्याला लाइनवरच्या पोरांसारखीच कंपनीची टोपी. मिनल पुढे झाली.

"गुड मॉर्निंग सर. वेलकम टू अवर लाइन."

आणि थांबली.

हवेच्या गनची फुस फुस तेवढी चालू. रविराज सर स्वतःच्या बुटांकडे बघायला लागले. नेहा म्हणते, माझ्या घशापर्यंत गुड मॉर्निंग आलं होतं, पण सरांच्या धाकाने गिळलं.

तेवढ्यात नाकानो साहेबांनी मान लववली आणि एकेक शब्द जपून ठेवत म्हणाले, "गुड मॉर्निंग. वेलकम... टू अवर लाइन."

अहो, ओळ परत आली!

मिनलचा चेहरा असा उजळला म्हणे, की ट्यूबलाइट फिकी पडावी. "माय नेम इज मिनल, सर."

"मिनल," साहेब म्हणाले.

"धिस इज द कनेक्टर."

"कनेक्टर."

"पुश."

"पुश."

"प्लीज लिसन, सर. क्लिक."

साहेबांनी खाली वाकून कान लावला. "क्लिक!" म्हणाले, आणि पोरासारखे हसले.

"देन पुल. इफ इट डझन्ट कम आउट, इट इज ओके."

"पुल. ओके." नेहा सांगते, दोघांची अशी लय लागली, की माझा पाय आपोआप ताल धरायला लागला.

मग साहेबांनी प्रश्न विचारायला सुरुवात केली. "न्यू पर्सन... व्हेन न्यू पर्सन..." आणि ते अडले. शब्द सापडेना. हवेत बोटं फिरवली, डोळे मिटले, परत उघडले. कपाळावर घाम आला. तेव्हा कुठे मिनलच्या ध्यानात आलं. हा माणूस तिची परीक्षा घेण्यासाठी तिची वाक्यं परत म्हणत नव्हता. त्याचंही इंग्रजी तिच्याएवढंच होतं! तोही एकेक शब्द धरून धरून चालला होता, आणि आता त्याचा हात सुटला होता. आणि सगळा फ्लोअर त्याच्याकडे बघायचं नाही म्हणून दुसरीकडे बघत होता.

मिनल अर्धं पाऊल पुढं सरकली. "टेक युअर टाइम, सर."

कुणी मागून म्हणेल याची तिने वाटसुद्धा पाहिली नाही. पण नेहाच्याने राहवेना. "टेक युअर टाइम, सर!" तिच्या तोंडून निघून गेलं. आणि पाठोपाठ विक्की, पाठोपाठ अख्खी लाइन, मोशीच्या ट्रॅफिकमध्ये पक्की झालेली, एका सुरात, "टेक युअर टाइम, सर!"

रविराज सरांनी डोळे मिटून घेतले. नाकानो साहेब दचकले, सगळ्या लाइनकडे वळून पाहिलं, आणि मग जे हसायला लागले ते टोपी काढून हातात घेईपर्यंत. हसण्यात शब्द सापडला.

"न्यू पर्सन, मिस्टेक. यू... व्हॉट डू?"

हा प्रश्न काकांच्या शिकवणीत नव्हता. बसमध्येही नव्हता. पण मिनल थांबली नाही. "आय स्टँड बिसाइड हर, सर. आय से, शी सेज. वी डू इट अगेन. टुगेदर."

"टुगेदर," साहेब म्हणाले. मग रविराज सरांकडे वळले आणि हाताने मिनलकडे दाखवलं. त्याला इंग्रजी लागलंच नाही.

दुपारी कंपनीची बस कधी नव्हे ती आपल्या नगरात आतपर्यंत आली. मारुतरावांनी असा हॉर्न धरून ठेवला, की कुत्री पळाली. काका गडबडीने, शर्टाची बटणं लावत बाहेर आले. मिनल बसच्या दारात उभी राहून म्हणाली, "गुड आफ्टरनून, काका! आय गॉट इट!" आणि मागून सगळी बस, "आय गॉट इट!" काकांचं शेवटचं बटण लावायचं राहूनच गेलं. चतुराबाई जिन्यातच बसल्या, तोंडाला पदर लावून हसतायत की रडतायत तेच कळेना. मी बाई सरळ टाळ काढून आणले आणि रस्त्यातच वाजवायला लागले.

आता नवी लाइन चालू आहे. मिनल तिथली कायमची लीडर आहे. तिचं कौतुक सगळे करतात, काकांचंही करतात, करायलाच हवं. पण मला राहून राहून ते नाकानो साहेब डोळ्यांपुढे येतात. एवढ्या मोठ्या हुद्द्याचा माणूस. त्याला आपलं तोडकंमोडकं इंग्रजी मोठेपणा मिरवून झाकता आलं असतं, पण त्याने एका कॉन्ट्रॅक्टवरच्या पोरीची ओळ उचलून धरली. ते परत आपल्या देशी गेलेत. तिथे त्यांच्या घरी कोण आहे, बोलताना ते अडले तर मागून कोण म्हणतं, आपल्याला काही ठाऊक नाही.

म्हणून एवढंच मागणं आहे. मंदिरात, विहारात, जिथे कुठे तुम्ही हात जोडाल, तिथे आपल्या माणसांसाठी मागून झालं, की एक क्षण त्या परक्या माणसाची आठवण काढा. नाव विसरलात तरी चालेल. चाकणला येऊन गेलेला तो म्हातारा टाळकरी म्हटलं, तरी त्याला पोचेल.