विशाखाचा ‘ब’

“आबा, पाणी गळतंय.”

चूळ भरताना विशाखाच्या तोंडातलं पाणी डाव्या बाजूनं फ्रॉकवर सांडत होतं. पुंडलिक घाईत होता. तो एसटीत कंडक्टर, त्याला कन्नडची गाडी गाठायची होती. नात चाळे करतेय असं वाटून तो डाफरला, “नीट भर की चूळ. तोंड कशाला वाकडं करती?”

“मी नाय करत. ते आपोआपच होतंय.”

तिनं मान वर केली. चेहऱ्याची उजवी बाजू रडवेली झाली होती आणि डावी नुसतीच लोंबत होती.

पुंडलिकनं रजा टाकली. मुलगा वाळूजला कामावर गेलेला. सून सुलेखा पोरीला उराशी धरून रिक्षात बसली. वाटेत तिनं एकदाच विचारलं, “मामा, लकवा तर नसंल ना?” पुंडलिकनं रिक्षावाल्याला गाडी जोरात घ्यायला सांगितलं.

विशाखाचा डावा कान दोन दिवस दुखत होता, तो डॉक्टरीणबाईंनी पाहिला. आत बारीक फोड होते.

“हिला कांजण्या येऊन गेल्यात का?”

“व्हय, मागल्या साली,” सुलेखा म्हणाली.

“तोच विषाणू नसेत दबून बसला होता. आता त्यानं चेहऱ्याची नस सुजवलीय. मेंदूचा लकवा नाही हा.”

“पण बरं होईल ना, मॅडम?” पुंडलिकनं विचारलं.

“बहुतेक मुलं बरी होतात. थोडं मागं राहूही शकतं. औषध आजच सुरू करू. व्यायाम मात्र आरशासमोर रोज करून घ्या.”

पण विशाखा आरशासमोर उभी राहीना. उस्मानपुऱ्यातल्या विहारात जयंतीला तिचं भाषण होतं, सुरुवातच ‘बाबासाहेब’ या शब्दानं. ओठ मिटत नसल्यानं ‘ब’ फुटायच्या आधीच हवा निसटे आणि ‘वावासायेव’ असं काहीतरी होई. शाळेत पोरं हसली, तेव्हापासून ती चारचौघांत बोलेनाशी झाली.

“दुसऱ्या पोरीला देऊ द्या भाषण,” सुलेखा म्हणाली. “तिचे हाल बघवत नाहीत.”

“थांब जरा,” पुंडलिक म्हणाला.

कपाळावरच्या आठीसाठी हा माणूस डेपोत प्रसिद्ध होता. संध्याकाळी तो खाकी कपड्यांतच आरशासमोर बसला आणि त्यानं दोन्ही गाल फुगवले. मग ओठांचा चंबू केला, शीळ घातली, भुवया उडवल्या. विशाखा दाराआडून बघत राहिली. शेवटी तिला राहवलं नाही.

“आबा, लई येडे दिसताय तुम्ही.”

“मग तू दाखव की चांगलं करून.”

ती शेजारी येऊन बसली. व्यायाम झाला की त्यांची गाडी सुटे. पुंडलिक प्रवासी, ती कंडक्टर. वाटेतली गावं तिनं पुकारायची.

“पळसवाडी!”

“फळसवाडी ऐकू आलं. आमच्याकडं तसलं गाव नाय. पुन्यांदा.”

“प... पळसवाडी!”

“आता बोरगाव.”

बोरगाव कधी यायचं, कधी मधेच राहायचं. पण हळूहळू गाल हलू लागला, चूळ तोंडात राहू लागली.

जयंतीच्या सकाळी विहार भरून गेला होता. विशाखा निळ्या फ्रॉकमध्ये माइकसमोर उभी राहिली. पहिलाच शब्द घसरला. पुढं बसलेली पोरं फिसफिसली. सुलेखानं मान खाली घातली. पुंडलिक उठणारच होता, तेवढ्यात विशाखानं डाव्या हाताचं बोट ओठाच्या कोपऱ्यावर घट्ट दाबलं. हे तिला कुणीच शिकवलं नव्हतं. पोरं गप्प होईपर्यंत ती थांबली आणि मग म्हणाली, “बाबासाहेब.”

भाषण संपेपर्यंत ते बोट तिथंच होतं.

जेवणं झाल्यावर मांडवाच्या कडेला, आजोबाच्या मांडीवर डोकं ठेवून ती पेंगली. झोपेतही तिचा डावा डोळा पुरता मिटत नसे. उन्हाची तिरीप नेमकी त्या फटीवर येत होती. पुंडलिकनं डोळ्यावर तळहाताची सावली धरली.

“मामा, ड्युटीचा टाइम झाला ना?” सुलेखानं हळूच विचारलं.

“व्हय,” तो म्हणाला, आणि ऊन सरकलं तसा त्यानं हात थोडा सरकवला.