आठ गोण्या भात

गोरखने हाक मारली तेव्हा मी माहेरच्या दारात माझ्या लेकीचं, संस्कृतीचं डोकं पुसत होते.

"राजीताई, चल. पोरीला घे. जीप तयार झाली."

मी टॉवेल हातात धरून तशीच उभी राहिले. 'चल' म्हणजे कुठे, ते मला माहीत होतं. आमच्या अकोले तालुक्याच्या या भागात भीमराज मिस्तरींच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या गॅरेजची रीत सगळ्यांना ठाऊक आहे. ब्रेकचं काम केलेली जीप आप्पा मालकाला तशीच कधी देत नसत. आधी घरच्या माणसांना तिच्यात बसवून घाट उतरायचा, परत चढून यायचं. "माझी माणसं बसली, आता तुमची बसवा," एवढं म्हणून किल्ली द्यायची.

आप्पांना जाऊन तीन महिने झाले होते. दुपारी जेवून उठले, हात धुवायला मोरीपाशी वाकले, आणि तिथेच बसले ते उठले नाहीत. गोरख माझा धाकटा भाऊ. नाशिकच्या एका वर्कशॉपमधली नोकरी सोडून तो गॅरेज चालवायला आला. ब्रेकचं हे त्याचं इथलं पहिलंच काम. जीप आदिनाथची. शाळा उघडल्या की वरच्या वाड्यांमधली पोरं तो तिच्यातून खाली आणतो.

लहानपणी आम्हाला 'ट्रायल' हा शब्द सहल या अर्थानेच माहीत होता. शाळेतून आल्यावर दारात मोकळी जीप दिसली की दप्तर ओट्यावर फेकायचं आणि पळायचं. मी पुढे आप्पांच्या शेजारी, गोरख मागे आईच्या मांडीवर. घाटाखाली एका टपरीवर भेळ मिळायची. आम्ही खात असताना आप्पा चाकाचाकाशी वाकून हात लावून बघायचे, मग हात धुवायचे आणि मगच आमच्याजवळ यायचे. आधी रॉकेलने, मग साबणाने धुतल्याशिवाय त्यांनी आम्हाला कधी उचललं नाही. तरी नखांतलं काळं जायचं नाही. माझ्या लग्नाच्या प्रत्येक फोटोत त्यांचे हात पाठीमागे आहेत. संस्कृतीच्या बारशाला पुण्याला आले तेव्हा बाळाला बघायच्या आधी त्यांनी पाळण्याच्या कड्या हलवून बघितल्या. एक झिजलेली होती. तसेच चपला घालून बाहेर पडले आणि नवी घेऊन आले. तोवर बारसं थांबलं. सासरचे हसले. आप्पाही हसले, पण कडी बदलूनच.

संस्कृती झाली आणि मी वेगळीच झाले. गॅसचं बटण तीनदा बघते. ती झोपली की तिच्या नाकाशी बोट धरते. नवरा म्हणतो, तू जरा जास्तच करतेस. करते. आणि असंच एकदा मेथी निवडता निवडता माझ्या एकदम लक्षात आलं, की ती सहल नव्हती. ब्रेक लागतात की नाही हे बघायला आप्पा आम्हाला घेऊन घाट उतरत होते. मी तिथल्या तिथे फोन लावला.

"आप्पा, ब्रेक नसते लागले तर?"

मागे ठोकल्याचा आवाज येत होता, तो थांबला. "लागले ना," ते म्हणाले.

"माझ्या पोरीला कधी नेऊ नका."

"नाही नेणार."

आणि नेलं नाही. त्यानंतर ते वर्षभरच होते. बोलायचो आम्ही, शुगरच्या गोळ्यांबद्दल, पिकाबद्दल, संस्कृतीच्या दातांबद्दल. त्या गोष्टीबद्दल नाही.

आता गोरख जीपचं दार उघडून उभा होता. समोरच्या पानटपरीवर तिघं-चौघं बसलेले. आदिनाथ बोनेटला टेकून हसत म्हणाला, "काय ताई, पुण्याला जाऊन घाट इसरल्या काय? का मिस्तरीवर भरवसा न्हाई?"

सगळे हसले. गोरख हसला नाही. त्याच्या तोंडाकडे बघून मला कळलं की हे हसण्यावारी नेण्यासारखं नाही. मी बसले नाही, तर संध्याकाळपर्यंत सगळ्या वाड्यांवर होईल: मिस्तरीची सख्खी बहीणच बसली नाही. मग ब्रेकचं काम घेऊन या दारात कोण येणार? आणि बसले तर माझी चार वर्षांची पोर त्या घाटात.

"तू एकटी बस," गोरख खाली आवाजात म्हणाला. "पण ताई, पोरीला मागं ठेवलेलं त्यांना दिसेल."

मी संस्कृतीला उचललं. कडेवर घेतलं, एवढंच. पाय पुढे पडेना.

आई दारात येऊन उभी होती. तिने माझ्याकडे बघितलं नाही, जीपच्या मागच्या भागाकडे बघितलं.

"गोरख, गोन्या कवा टाकल्या?"

"कसल्या गोण्या?"

"भाताच्या. आठ. तुजा बाप न्हेत हुता त्या."

गोरख माझ्याकडे बघायला लागला. मलाही काही माहीत नव्हतं.

आई ओट्यावर बसली. "तुमी साळंत गेल्यावं ह्ये शेजारच्या रंगुबाईच्या घरनं आठ गोन्या भात आनायचे. एका मानसाला एक गोनी. एकलेच घाट उतरायचे, एकलेच वर यायचे. दोनदा. मनाजोगतं न्हाई झालं तर पुन्ना समदं खोलायचं. मग म्या गोन्या काढून सीटा झाडायच्या, अन् तुमी आल्यावं तुमाला बसवायचे."

"मग आम्हाला न्यायचेच कशाला?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता.

"लोकान्ला दिसाया नगं? अन् तुमाला फिरवाया दुसरी गाडी कुठं हुती आपल्याकं?"

मी संस्कृतीला खाली ठेवलं. "आई, मी फोनवर त्यांना काय काय बोलले..."

"म्हाईत हाय. मी म्हनलं त्यान्ला, सांगा की पोरीला गोन्यांचं. तर म्हनले, ऱ्हाऊ दे. आई झालीय ती. भ्यायलाच पायजे तिनं."

गोरखने दारातून निघतानाच्या आप्पांना बघितलं होतं, माझ्यासारखंच. त्याच्या आधीचं त्याने कधी बघितलंच नव्हतं. नाशिकच्या वर्कशॉपमध्ये सपाट रस्त्यावर एक चक्कर मारली की झालं. तो रंगुबाईंच्या घराकडे गेला. आदिनाथने घड्याळ बघितलं, पण गोण्या चढवायला तोही लागला.

जीप गेली. पाऊण तास झाला. मी रस्त्याच्या कडेला उभी होते. वर येणाऱ्या प्रत्येक गाडीचा आवाज आधी जीपचा वाटायचा आणि मग मोटारसायकल निघायची.

गोरख पायी आला. शर्ट मुरमाने लाल झालेला.

"चौथ्या वळणावर पॅडल पार खाली गेलं," तो म्हणाला. "पहिला गिअर टाकून मुरमाच्या ढिगात घातली. मला काही नाही झालं. दोन गोण्या फुटल्या." मग आदिनाथकडे वळून, "मागच्या चाकात ब्रेकचं तेल झिरपतंय. इथं दाबलं तेव्हा कडक होतं. वजन पडलं, तापलं, तसं सुटलं. माझी चूक आहे. आज गाडी मिळणार नाही."

टपरीवर कोणी हसलं नाही. जीप उभी होती तिथे उमटलेल्या चाकांच्या खुणांकडे आदिनाथने बघितलं. "आज सांच्याला वऱ्हाड सोडायचं हुतं मला," तो म्हणाला. "दुसऱ्याची गाडी बघतो." आणि मग आईला, "काकू, बरं झालं इचारलं."

आईने मान हलवली आणि आत गेली. स्वयंपाकघरात ती पाठमोरी उभी होती. खूप वेळ नळ सोडलेला ऐकू येत होता.

जीप ओढून आणली आणि दोन दिवस गोरखने सगळं पुन्हा खोललं. तिसऱ्या दिवशी गोण्या घेऊन तो दोनदा घाट उतरला, दोनदा चढला. गोण्या काढल्या. आईने सीटा झाडल्या. या वेळी त्याने मला हाक मारली नाही. किल्ली हातात घेऊन नुसता उभा राहिला. टपरीवरची माणसं दुसरीकडेच बघत असल्यासारखं दाखवत होती.

"तेल?" मी विचारलं.

"थेंबभर हललं नाही."

"पॅडल?"

"दगड आहे."

"पुन्हा एकदा जाऊन ये."

तो गेला. गोण्या परत चढवून, तिसऱ्यांदा. आला. मग मी संस्कृतीच्या पायात चपला घातल्या आणि तिला घेऊन पुढे बसले. आई मागे बसली. आदिनाथ बाजूला सरला.

भीती गेली नव्हती. उतार लागल्यावर मी दरीकडे बघितलं नाही, गोरखच्या पायाकडे बघत राहिले. तो दाबत होता, सोडत होता, गाडी ऐकत होती. मुरमाचा ढीग मागे पडला.

"आई, हात दुखतोय," संस्कृती म्हणाली.

मी पकड थोडी सैल केली. सोडली नाही.