मुठोबाचे दोन जास्तीचे पाय

दहिवलीच्या बुद्धविहाराला लागून वाचनालयाची एक खोली आहे. तिथे दर रविवारी सकाळी दहा वाजता मुठोबा मित्रमंडळ भरत असे. सभासद चार. लेटरहेड मात्र शंभर छापून घेतलेले, आणि त्यातले सत्त्याण्णव अजून कोरे होते.

मुठोबा हा पुण्याच्या रेघोटी स्टुडिओचा नायक. भाताच्या खाचरात राहणारा, फेटा बांधणारा एक खेकडा. पंचवीस वर्षांत त्याचे पाच चित्रपट आले. सगळे हाताने काढलेले. खाचरातल्या खेकड्याला मुठा म्हणणाऱ्या आपल्या कर्जत-खालापुरात तो कुणाला परका वाटलाच नाही. लोकांची मुलं मोठी झाली, मुठोबा विसरली. हे चौघे मात्र विसरले नाहीत.

आता सहावा चित्रपट आला होता, आणि तो संगणकावर केलेला होता. म्हणून त्या रविवारी खोलीत बराच आवाज होता.

"मी पोस्टर बघितलं," नरेश म्हणाला. तो साजगावच्या एका कारखान्यात फिटर होता आणि मंडळाचा अध्यक्षही. "आपला मुठोबा नाय तो. घासलेल्या भांड्यासारखा चकाकतोय. आन् पाय किती लावलेत? आठ. पंचवीस वर्षं सहा पायांवर चालला ना गडी? कुठं पडला का?"

"मुठ्याला आठच पाय असतात," दर्शना म्हणाली. ती खालापूरच्या शाळेत चित्रकला शिकवायची. "नांग्या सोडून आठ. तुम्ही जन्मभर मुठे खाल्लेत, कधी मोजले नाहीत?"

"रश्श्यात गेल्यावर कोण मोजतो गं? आन् ज्यानं कुणी ही पायांची अक्कल दिली ना, त्याचं नाव मला कळू दे फक्त."

कोपऱ्यातल्या खुर्चीवर सखाराम गायकवाडांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मंडळाचे चिटणीस तेच होते. आणि ती अक्कलही त्यांनीच दिली होती.

सखाराम भूमी अभिलेख कार्यालयातून निवृत्त झालेले. तीस वर्षं त्यांनी शाईने नकाशांच्या नकला काढल्या. बांध एका केसाने सरकला तरी त्यांना झोप लागत नसे. अशा माणसाने दोन वर्षांपूर्वी एका दुपारी मुठोबाचे पाय मोजले. सहा भरले. चार दिवस त्यांनी ते मनात ठेवलं, पाचव्या दिवशी रेघोटीला साध्या पोस्टकार्डावर लिहिलं: "आपला मुठोबा सहा पायांवर चालतो. आमच्या शेतातल्या मुठ्यांना नांग्या सोडून आठ पाय आहेत. चूकभूल असल्यास क्षमस्व." कार्ड पेटीत टाकल्यावर त्यांना इतका संकोच वाटला, की ते परत काढता येईल का, असं त्यांनी पोस्टमनला विचारलंसुद्धा.

उत्तर आलं ते यंदा. रेघोटीचे मुख्य चित्रकार जगदीश यांनी स्वतः लिहिलं होतं: एका सेकंदाला बारा चित्रं, प्रत्येकात दोन पाय वाढवायचे, म्हणजे सेकंदाला चोवीस पाय. तेवढे हात आमच्याकडे कधी नव्हते, म्हणून आम्ही सहावर भागवत आलो. संगणकावर जावं की नाही, हा वाद आमच्यातही वर्षभर चालला होता. तुमच्या कार्डाने तो मिटला. शेवटच्या नामावलीत तुमचं नाव घालत आहोत.

ते पत्र सखारामांनी तांदळाच्या डब्यामागे ठेवलं. तिथे ते चंद्राबाईंना, म्हणजे त्यांच्या बायकोला आणि मंडळाच्या चौथ्या सभासदाला, दुसऱ्याच दिवशी सापडलं.

"सांगून टाका की त्यांना," तेव्हापासून त्या रोज म्हणत. "तुमी काय कुणाचा बांध कोरलाय?"

पण सखारामांना तसंच वाटत होतं. हाताने काढणाऱ्यांचं दुःख त्यांना चांगलं ठाऊक होतं. कार्यालयात संगणक आला तेव्हा त्यांची दौत महिनाभर टेबलावर वाळत पडली होती. आणि आता त्यांच्याच एका कार्डाने रेघोटीच्या टेबलांवरच्या दौती वाळल्या होत्या. हे नरेशला कळलं, तर रविवार संपले. उरलेल्या आयुष्यात त्यांना दुसरी कुठली खोली अशी नव्हती, जिथे ते चार वाक्यं सलग बोलत.

"ठरलं," नरेश म्हणाला. "पुढच्या रविवारी जाऊन पिक्चर बघायचा. मग लेटरहेडवर निषेध लिहायचा. दादा, अक्षर तुमचं. चांगला कडक लिहा."

सखारामांनी मान हलवली. चंद्राबाई त्यांच्याकडे बघत होत्या. सखाराम खिडकीतून बाहेर बघू लागले.

पुढच्या रविवारी नरेशच्या इको गाडीतून चौघे खोपोलीला गेले. दुपारचा खेळ होता, निम्म्या खुर्च्या रिकाम्या. वाटेत दोन्ही बाजूंनी भात पोटरीला आलं होतं, पण सखारामांचं लक्ष नव्हतं. त्यांना छळत होता तो मंडळाचा नियम. चित्रपट संपल्यावर उठायचं नाही. नामावलीतलं एकेक नाव पाळीपाळीने मोठ्याने वाचायचं. ज्यांनी हात झिजवले त्यांची नावं कुणीतरी उच्चारली पाहिजेत, असं म्हणून हा नियम खुद्द सखारामांनीच घातला होता.

चित्रपट सुरू झाला. पहिली दहा मिनिटं नरेश खुर्चीत चुळबुळत होता, पुटपुटत होता. मग पडद्यावर चिखल आला. त्या चिखलातून मुठोबा बाहेर निघाला आणि बांधावर चढला, आठही पाय एकामागोमाग टेकवत, सरासरा, अंगावरचं पाणी निथळत. नरेशचं पुटपुटणं थांबलं. तो अगदी हळू म्हणाला, "अस्साच पळतो. लहानपणी कंदील घेऊन जायचो ना आमी, अस्साच पळायचा हातातून."

"मग चांगला हाय का वाईट?" चंद्राबाईंनी विचारलं.

"काकी, पिक्चर बघू द्या."

सखारामांनी मात्र पडद्यावर दुसरंच काही पाहिलं. मागचं खाचर, झाडं, ढग, सगळं हाताने रंगवलेलं होतं. ढगाच्या कडेला कुंचल्याचा केससुद्धा दिसत होता. म्हणजे सगळ्याच दौती वाळल्या नव्हत्या. त्यांचा ऊर जरा हलका झाला. मग शेवट जवळ आला तसा परत जड झाला.

नामावली सुरू होताच ते अर्धवट उठले. "चला, बाहेर वडे गरम असतील. मग संपतात."

"बसा, दादा," नरेश म्हणाला. "नियम तुमचाच हाय."

वाचन सुरू झालं. नरेश, दर्शना, सखाराम, चंद्राबाई, परत नरेश. नावं वर सरकत होती. सखाराम बोटांवर पाळ्या मोजत होते. आपल्याच पाळीला आपलं नाव आलं तर दुसरंच काहीतरी वाचून वेळ मारून न्यायची, असं त्यांनी ठरवलं होतं. त्यांनी एका रंगकाराचं नाव वाचलं. पडद्यावर पुढची ओळ आली: "आठ पायांबद्दल विशेष आभार: सखाराम गायकवाड, दहिवली."

पाळी चंद्राबाईंची होती.

ओळ वर सरकत गेली.

"काकी, वाचा की," नरेश म्हणाला. तो खाली वाकून पायातून निसटलेली चप्पल शोधत होता. "गेलं बघा ते नाव."

"ते नाव मी कसं घेऊ?" चंद्राबाई म्हणाल्या.

नरेशने मान वर केली. पर्स आवरणाऱ्या दर्शनानेही. दोघांनी आधी पडद्याकडे पाहिलं, मग सखारामांकडे. चाळीस वर्षांच्या संसारात चंद्राबाईंनी न घेतलेलं नाव जगात एकच होतं.

"काका," दर्शना म्हणाली, "तुम्ही?"

सखारामांना खुर्चीखाली शिरावंसं वाटलं. तेवढ्यात दर्शनाला हसू फुटलं. "मग काकी, नियम तो नियम. उखाण्यात घ्या."

पदर सावरून चंद्राबाई उभ्या राहिल्या. अर्धं थिएटर वळून बघू लागलं.

"आठ पायांचा मुठोबा चालला बांधावरून, सखारामरावांचं नाव वाचते पडद्यावरून."

टाळ्या पडल्या. मागून कुणीतरी शिट्टीही मारली. फक्त नरेश हसला नाही. तो गाडीकडे गेला आणि त्याने गाडी सुरू केली.

साजगावच्या फाट्यावर एका चहाच्या टपरीपाशी त्याने गाडी थांबवली. आता उतरवून देतो की काय, असं सखारामांना वाटलं. त्यांनी सगळं सांगितलं: कार्ड, उत्तर, चोवीस पाय, तांदळाचा डबा. "माझ्यामुळं झालं, नरेश. मंडळातून मी जातो."

"दादा, एक इचारू?" नरेश समोर बघत म्हणाला. "शंभर लेटरहेड छापलेत आपण. सत्त्याण्णव पडून हायेत. आन् तुमी कार्डावर लिहिलंत?"

"हं?"

"मंडळाच्या कागदावर लिहिलं असतंत, तर पडद्यावर मंडळाचं नाव आलं असतं की. मुठोबा मित्रमंडळ, दहिवली. चौघांनी उभं राहून वाचलं असतं. तुमी एकट्यानं खाल्लंत."

मागच्या सीटवर चंद्राबाई पदराआड हसत होत्या.

"मग निषेधाचं काय?" दर्शनाने विचारलं.

"निषेध नाय," नरेश म्हणाला. "पण पत्र जाणार. मी सबंध पिक्चरभर बघत होतो. मुठोबाची डावी नांगी मोठी दाखवलीय. आपल्याकडं उजवी मोठी असते."

"नेहमी?" सखारामांनी विचारलं. त्यांचा आवाज एकदम बदलला होता. "किती मुठे बघितलेस तू? खात्री केल्याशिवाय लिहायचं नाही."

"उद्या सकाळी माझ्या खाचरात या. मोजू."

चहा आला. नरेशने डॅशबोर्डच्या कप्प्यातून लेटरहेडचा गठ्ठा काढून सखारामांच्या मांडीवर ठेवला. वरच्या कोपऱ्यात जुना मुठोबा छापलेला होता, फेटेवाला, सहा पायांचा. सखारामांनी खिशातलं शाईचं पेन काढलं, हाताला टेकू म्हणून गुडघा वर घेतला, आणि श्वास रोखून एक बारीक, बाकदार पाय काढला.

नरेश मान वाकडी करून बघत होता.

"दुसरा पलीकडच्या अंगाला घ्या, दादा," तो म्हणाला. "नायतर लंगडेल."