कापुलीच्या गळ्यातला दोरा

मित्रांनो, मी एक म्हातारी अल्पाका आहे. आम्ही उंटाच्या लांबच्या नात्यातल्या आहोत असं म्हणतात. उंट मी कधी पाहिला नाही, आणि आता पाहायची हौसही उरलेली नाही. चौदा हिवाळे माझ्या अंगावरून गेले. पुढच्या दातांचे खुंट झालेत, डावा गुडघा पाऊस यायच्या आधीच ठणकायला लागतो, आणि सकाळी उठायचं म्हटलं की मला तीनदा प्रयत्न करावा लागतो. पहिल्या प्रयत्नात मी नुसतीच कण्हते.

माझं नाव कापुली. आमच्या माळाखाली दरीत कापुलीची काळसर लाल फळं पिकतात. मी त्याच रंगाची जन्मले, म्हणून सेनोबियाने हे नाव ठेवलं. सेनोबिया म्हणजे या घरातली म्हातारी. तिचा मुलगा तेओदोसिओ आणि सून ग्रिसेल्दा अशी तिघंच आता इथे राहतात आणि आमची पैदास करतात. सगळं घर आमच्या लोकरीवर चालतं. लोकर घेणाऱ्याला पांढरी हवी असते, ती हवी तशी रंगवता येते. माझी गडद लोकर तो चिमटीत धरून बघतो आणि बाजूला टाकतो. दर वर्षी टाकतो. पहिल्यांदा मला वाईट वाटलं होतं, पुढे पुढे तेही वाटेनासं झालं.

तरी मला ठेवलं, कारण माझी पिल्लं पांढरी व्हायची आणि ती जगायची. आम्ही अल्पाका नेहमी सकाळीच वितो. दुपारनंतर ओलं पिल्लू उघड्यावर आलं तर संध्याकाळच्या गारठ्यात टिकत नाही, हे आम्हाला कुणी शिकवावं लागत नाही. जानेवारीत पावसाच्या दिवसांत मी नऊ पिल्लांना जन्म दिला, आणि नऊही उन्हं डोक्यावर यायच्या आत उभी राहिली. त्या दिवसांत सेनोबिया माझ्या मानेत हात घालून शेजारपाजाऱ्यांना सांगायची, "ही माझी मोठी लेक. धाकटा तो तेओदोसिओ." तेओदोसिओ तेव्हा चाळिशीचा होता.

नोव्हेंबरात कातरणी असते. चारी पाय दोरांनी ताणून आम्हाला जमिनीवर आडवं करतात आणि कातरीचा कचकचाट सुरू होतो. तरुणपणी मी खूप ओरडायचे. आता दोर बांधायच्या आधीच मी आडवी होते, तेवढीच उठाबस वाचते. आमच्याकडे हिवाळा जूनमध्ये येतो, तेव्हा सगळं माळरान दहिवराने पांढरं होतं. लोक बटाटे गारठ्यात पसरून ठेवतात आणि सकाळी अनवाणी पायांनी तुडवून त्यांचं पाणी काढतात. त्या वाळलेल्या बटाट्यांना चुन्यो म्हणतात. वर्षभर घरात तेच शिजतं. याच जूनमध्ये कळपातली नको असलेली जनावरंही निवडतात, आणि मग दोरीवर मांसाच्या पट्ट्या वाळत पडतात. त्याबद्दल मी जास्त काही सांगणार नाही. आमच्यापैकी कुणीच त्या दोरीकडे बघत नाही.

निवडायची रीत आता सांगते, कारण माझी सगळी गोष्ट तिच्यावरच अडकली आहे.

फेब्रुवारीत आमच्यापुढे पुन्हा पुन्हा नर आणून उभा करतात. जिच्या पोटात पिल्लू आहे, ती त्याला जवळ फिरकू देत नाही. तोंडावर थुंकते आणि पळ काढते. जिच्या पोटात नाही, ती मुकाट खाली बसते. थुंकलेलीच्या गळ्यात सेनोबिया तांबडा दोरा बांधते. तांबडा दोरा म्हणजे पाणथळीतलं मऊ गवत आणि भिंतीच्या आडोशाची जागा. लागोपाठ दोन वर्षं जिच्या गळ्यात तो पडत नाही, तिचं जूनमध्ये काय होतं ते तुमच्या लक्षात आलंच असेल.

थुंकी ओळखण्यात तेओदोसिओचा हात कुणी धरू शकत नाही, असं तेओदोसिओचंच म्हणणं आहे. "मी थुंकी बघून महिना सांगतो," असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवतो. शेजारच्या माळावरचे लोकही त्याला बोलावून नेतात. एकदा ग्रिसेल्दा म्हणाली होती, "माझ्या वेळेला मात्र ह्याला सहा महिने पत्ता नव्हता." त्यावर तो दिवसभर तिच्याशी बोलला नाही.

मागच्या फेब्रुवारीची ही गोष्ट. त्याच्या आदल्या वर्षी मी रिकामी राहिले होते. हे माझं दुसरं वर्ष होतं, आणि मला आतून ठाऊक होतं की याही वर्षी पोटात काही नाही. माझ्या शेजारी पालोमा उभी होती. माझ्याहून दोन वर्षांनी लहान, पांढरीशुभ्र, गरीब स्वभावाची. तिचंही दुसरंच वर्ष. कापितान नावाचा धिप्पाड नर छाती काढून आला. पालोमा मुकाट खाली बसली. त्या महिन्यात नर तीनदा आणला होता, तिन्ही वेळा ती अशीच बसली होती.

मग तो माझ्याकडे वळला. मित्रांनो, खोटं कशाला सांगू, माझ्या डोक्यात कसलाही डाव नव्हता. त्या दिवशी गारा पडून गेल्या होत्या, गुडघा ठणकत होता, आणि हिरडीत गवताची काडी रुतून बसली होती. खाली बसायचं म्हणजे पुन्हा उठायचं, या विचारानेच मला रडू येत होतं. त्यात हा बाबा घूं घूं करत थेट नाकाशी आला. मी डोळे मिटले आणि होती नव्हती तेवढी थुंकी त्याच्या तोंडावर फेकली. जागची हललेसुद्धा नाही.

"बघा! बघा!" तेओदोसिओ ओरडला. "म्हातारी पोटुशी आहे! मी म्हटलं नव्हतं?"

"कधी म्हटलं होतंस?" ग्रिसेल्दा म्हणाली.

"मनात म्हटलं होतं. आई, आण दोरा."

सेनोबिया काठी टेकत आली. तिने माझा चेहरा दोन्ही हातांत धरून जरा वेळ बघितला. मग तांबडा दोरा माझ्या गळ्यात बांधला. पालोमाचा गळा तसाच राहिला.

त्या जूनमध्ये मी पाणथळीतलं मऊ गवत खात होते. पालोमा माळावर नव्हती. तिच्या वाट्याचं आयुष्य मी खाते आहे असं मला वाटायचं, आणि तरीही मी खात होते, कारण गवत मऊ होतं आणि मला भूक लागायची. हे सांगताना मला लाज वाटते. पण आत्मवृत्त सांगायचं तर लाजेचा भागही सांगायला हवा.

सेनोबिया पूर्वी बायकांच्या रांगेत सगळ्यांच्या पुढे राहून चुन्यो तुडवायची. त्या वर्षी ती गुडघ्यांवर घोंगडी घेऊन भिंतीशी बसून होती. सुनेने मांडीवर बटाटे आणून टाकले की ती तेवढे सोलायची. मधूनच मान वर करून माझ्याकडे बघायची. मी नजर चुकवायचे. जिने दोरा बांधला, तिलाच मी फसवत होते ना!

दिवस सरकत गेले. नोव्हेंबरात कातरणी झाली. माझी लोकर पुन्हा बाजूला पडली आणि अंग उघडं झालं. तेओदोसिओ माझ्याभोवती दोन चकरा मारून म्हणाला, "हिचं पोट कुठे गेलं?"

"काहींचं दिसत नाही," सेनोबिया म्हणाली आणि सूत काढत राहिली.

जानेवारी आला. रोज सकाळी कुणी ना कुणी वीत होतं. थरथरत्या पायांवर पिल्लं उभी राहत होती, आणि ग्रिसेल्दा रोज माझी शेपटी उचलून बघत होती. मी उन्हात उभी राहून दूर डोंगराकडे तोंड करायचे. शेवटी एका सकाळी तिचा धीर सुटला.

"आई, महिना संपत आला. हिचं पिल्लू काय कार्निव्हालच्या सणाला नाचत नाचत येणार आहे?"

तेओदोसिओ पुढे आला. माझ्या पोटाखाली हात घालून त्याने नीट चाचपून पाहिलं. हळूहळू त्याचा चेहरा लाल झाला. त्या दिवशी शेजारचा माळवालाही कुंपणापाशी उभा होता, आणि तो दुसरीकडे बघत हसत होता.

"गंडवलं!" तेओदोसिओ ओरडला. "या म्हातारडीने मला गंडवलं! वर्षभर पाणथळीत चरली फुकट! पालोमा गेली आणि ही राहिली!"

ते शेवटचं मला फार लागलं, कारण ते खरं होतं.

"तिने नाही गंडवलं तुला," सेनोबिया म्हणाली. "मी गंडवलं."

"तू?"

"दोरा कोणी बांधला? मीच ना? अरे, पोटुशी थुंकते ती पळता पळता थुंकते. ही जागची हलली होती का? डोळे मिटून उभ्या जागी थुंकली. एवढा थुंकीवाला तू, तुला एवढंही दिसू नये? दमली होती रे ती. तुझा तो कापितान अंगावर आला, तर म्हणाली, मेल्या, जा तिकडे, मर."

कुंपणापलीकडचा शेजारी आता उघड हसायला लागला. तेओदोसिओने त्याच्याकडे रागाने बघितलं.

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"परवा तू मला विचारलंस, आई, जेवलीस का? मी तुझ्यावर केवढ्यांदा खेकसले! ते काय माझ्या पोटात पोर आहे म्हणून?"

ग्रिसेल्दाने तोंडावर शालीचं टोक धरलं, पण तिचे खांदे हलत होते. सेनोबिया मात्र हसली नाही.

"गेल्या वर्षी मी चुन्यो तुडवले नाहीत," ती म्हणाली. "त्याच्या आदल्या वर्षीही नाही. दोन वर्षं झाली, तेओदोसिओ. आता माझं काय करतोस?"

शेजारी हळूच निघून गेला. तेओदोसिओने माझ्या गळ्यातल्या तांबड्या दोऱ्याची गाठ सोडली. "हा खोटा आहे," तो म्हणाला. "हा मी ठेवू शकत नाही." दोरा मुठीत घेऊन तो निघून गेला. सेनोबियाने त्याला अडवलं नाही.

त्यानंतरचे तीन आठवडे मी मोकळ्या गळ्याने काढले. पाणथळीतून मला कुणी हाकललं नाही, पण मीच कडेकडेने राहायचे. पालोमा जिथे बसायची तिथे बसायचे. मरणाची भीती वाटत होती का? वाटत होती. पण खरं सांगू? भीतीपेक्षा शीण जास्त होता. जे काय करायचं ते करा, पण मला लवकर उठवू नका, एवढंच मनात यायचं.

कार्निव्हालचा दिवस उजाडला. त्या दिवशी धरणीवर मक्याची दारू शिंपडतात, नाचतात, आणि आमच्या कानांत रंगीत लोकरीचे गोंडे ओवतात. जिला जूनमध्ये काढायचं आहे तिच्या कानात गोंडा ओवत नाहीत. सगळ्या सजल्या. कापितानच्या कानांत तर चार चार गोंडे होते, तो ताठ मानेने फिरत होता. मी शेवटची उभी होते. गोंड्यांची टोपली रिकामी झाली.

तेओदोसिओ माझ्याकडे आला. त्याच्या हातात गोंडा नव्हता. त्याने खिशातून एक दोरा काढला. काळसर लाल, जाडाभरडा, जागोजागी गाठी आलेला. मला वासावरूनच कळलं. ती माझी लोकर होती, नोव्हेंबरात बाजूला पडलेली. त्याने स्वतः कातली होती, आणि फार वाईट कातली होती.

"हा दोरा आहे की दोरखंड?" सेनोबियाने विचारलं.

"सूत काढायला तूच शिकवलंस."

"मग तेव्हा लक्ष दुसरीकडे होतं वाटतं. गाठ तरी नीट मार, मेल्या."

त्याने माझ्या गळ्यात दोरा बांधला. ग्रिसेल्दा जवळ येऊन बघत होती. "तांबडा म्हणजे पोटुशी," ती म्हणाली. "आणि याचा अर्थ काय म्हणायचा?"

तेओदोसिओ जरा अडखळला. असा दोरा आमच्या माळावर आजवर कुणी बांधला नव्हता, त्यामुळे त्याचा अर्थही त्यालाच काढावा लागला. "याचा अर्थ, हिला आता काही विचारायचं नाही," तो म्हणाला. "एवढंच."

सेनोबियाने सुरकुतलेला हात पुढे केला. "उरला असेल तर इकडे दे."

उरला होता. त्याने तो मुद्दामच उरवला होता असं मला वाटतं. तिच्या मनगटाभोवती दोरा बांधताना गाठ सुटली, आणि तिने त्याला पुन्हा शिव्या दिल्या, आणि या वेळी तो हसला.

मित्रांनो, पालोमाला असा दोरा मिळाला नाही. ती तर कुणावर थुंकलीसुद्धा नाही. मुकाट बसणाऱ्याकडे कुणाचं लक्ष जात नाही, याचं दुःख मला मरेपर्यंत राहील. म्हणून तुमच्याकडे एकच मागणं आहे. तुमच्या घरातही कुणी म्हातारं माणूस असेल, एखादं जनावर असेल. ते तुमच्यावर उगाच खेकसलं तर लगेच रागावू नका. ते पळता पळता खेकसतं आहे की दमून बसल्या जागी, तेवढं आधी बघा. आणि जे कधीच खेकसत नाही, त्याच्याकडे त्याहून आधी बघा.

आता सकाळी उठायला मला तीनदा प्रयत्न करावा लागतो. सेनोबिया काठी टेकून शेजारी उभी असते. तिलाही कुठे जायची घाई नसते.